समानार्थी शब्दांचे असमान अर्थ

इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती जी मार्गदर्शके पडतात, त्यांत समानार्थी शब्दांची एक यादी हमखास असते. डावीकडे एक शब्द, उजवीकडे त्याचे दोन-तीन भाईबंद, आणि मध्ये बरोबरीचे चिन्ह. यादी पाठ झाली की त्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंचे शब्द केव्हाही एकमेकांच्या जागी बसविता येतात, असा समज त्याच्या मनात घर करतो. आणि पुढे तो कचेरीत लागला किंवा शाळेत शिकवू लागला तरी हा समज सुटत नाही. शब्दकोशही त्याला दुजोराच देतात, कारण एका शब्दाचा अर्थ दुसऱ्याने सांगणे हेच त्यांचे काम. खासगी पत्रात अशा अदलाबदलीने फारसे बिघडत नाही, हे मान्य करावयास हवे. परंतु जेथे शब्दाच्या पाठीशी राज्यसत्ता उभी असते, तेथे या बरोबरीच्या चिन्हाची किंमत माणसांना तुरुंगात बसून मोजावी लागते. भारतीय राज्यघटनेचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास यास साक्ष आहे.

इंग्रजीत अशा जुळ्या शब्दांचा सुळसुळाट का, याचे उत्तर त्या देशाच्या इतिहासात सापडते. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. राज्यकर्त्यांची व न्यायालयांची भाषा फ्रेंच झाली, धर्मपीठाची लॅटिन होतीच, आणि रयत आपली जुनी बोली बोलत राहिली. तेव्हा वकील मंडळींनी दोन्ही दरडींवर पाय ठेवला. ‘विल’ देशी म्हणून त्याच्या जोडीला लॅटिनातून आलेले ‘टेस्टामेंट’ बसविले, ‘गुड्स’च्या शेजारी फ्रेंच ‘चॅटल्स’. मराठीला हा प्रकार अपरिचित नाही. कागदपत्र, धनदौलत, बाजारहाट, मानमरातब हे शब्द अशाच राजकीय शेजारातून जन्मले. फरक एवढाच, की आपल्या जोड्या एकजीव झाल्या. कागद कोठे संपतो आणि पत्र कोठे सुरू होते असे कोणी विचारीत नाही. इंग्रजी कायद्याने मात्र तसे विचारण्याचा दंडकच घालून घेतला. दोन ठिकाणी दोन वेगळे शब्द आले, तर त्यांचे अर्थही वेगळेच असावेत असे न्यायालय सामान्यतः गृहीत धरते.

घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांचे रक्षण कोणत्या शब्दांनी करावे, असा प्रश्न घटनाकारांपुढे होता. अमेरिकेच्या घटनेतील ‘ड्यू प्रोसेस ऑफ लॉ’ हा शब्दप्रयोग डोळ्यांसमोर होता. घटनासमितीचे सल्लागार बी. एन. राव यांनी अमेरिकेत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांची भेट घेतली, तेव्हा या शब्दांमुळे न्यायाधीशांच्या हाती कायदेमंडळावर कुरघोडी करण्याची सत्ता जाते, असा इशारा त्यांना मिळाला. मसुदा समितीने मग १९४६ च्या जपानी घटनेतील ‘प्रोसीजर एस्टॅब्लिश्ड बाय लॉ’ हे शब्द पत्करले. वरवर पाहता दोन्हींचा आशय एकच वाटतो: कायद्याच्या रीतीवाचून कोणाचेही स्वातंत्र्य हिरावले जाऊ नये. परंतु पहिल्यात रीत योग्य असावी अशी अट आहे, दुसऱ्यात ती फक्त कायद्याने घालून दिलेली असली म्हणजे पुरे. डिसेंबर १९४८ मध्ये घटनासमितीत यावर कडाक्याची चर्चा झाली. कन्हैयालाल मुन्शी ‘ड्यू प्रोसेस’च्या बाजूने, तर अल्लादी कृष्णस्वामी अय्यर विरुद्ध बाजूने उभे राहिले. डॉ. आंबेडकरांनी दोन्ही पक्षांतील धोके मांडले आणि निर्णय सभागृहावर सोपविला. अनेक प्रश्नांवर ठाम भूमिका घेणारे आंबेडकर या दोन शब्दप्रयोगांपुढे अडखळले, यातच त्या निवडीचे वजन दिसते. सभागृहाने जपानी शब्द कायम ठेवले.

त्याचा परिणाम दिसावयास फार काळ लागला नाही. प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली अटकेत असलेले कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन १९५० साली सर्वोच्च न्यायालयात गेले. अमेरिकन शब्दप्रयोगातील ‘ड्यू’ हे विशेषण आपल्या घटनेत नाही, यावर सरन्यायाधीश हरिलाल कानिया यांनी नेमके बोट ठेवले. आणि संसदेने कायदा केला आहे, त्यातील रीत पाळली आहे, तेव्हा रीत न्याय्य आहे की नाही हे पाहण्याचे कारण नाही, असे बहुमत पडले. पुढे १९७८ मध्ये मनेका गांधी यांच्या पारपत्राच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने ही रीत न्याय्य, उचित आणि वाजवी असली पाहिजे असा निर्वाळा दिला. गाळलेले विशेषण अशा रीतीने तीस वर्षांनी मागील दाराने घटनेत शिरले. न्यायाधीशांच्या नेमणुकांबाबतही असेच घडले. सरन्यायाधीशांची ‘कन्करन्स’, म्हणजे संमती, आवश्यक ठेवावी ही सूचना आंबेडकरांनी १९४९ साली नाकारली होती आणि घटनेत ‘कन्सल्टेशन’ म्हणजे विचारविनिमय हा शब्द राहिला. १९८१ मध्ये न्यायालयानेही दोन्ही शब्द भिन्न मानले. १९९३ मध्ये मात्र सरन्यायाधीशांच्या मताला असे प्राधान्य दिले, की विचारविनिमयाला संमतीचेच रूप आले.

मग कोणी म्हणेल, की शेवटी न्यायालय हवा तो अर्थ काढणारच असेल, तर शब्द निवडण्याचा खटाटोप कशाला? हा आक्षेप दिसावयास चतुर आहे, पण पोकळ आहे. पहिला शब्द निवडल्यामुळे मधली तीस वर्षे जे स्थानबद्ध राहिले, त्यांच्या दृष्टीने तो खटाटोप नव्हता.

दुसरे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकाला मद्रास सरकारने मार्च १९५० मध्ये आपल्या प्रांतात बंदी केली. कारण दिले ‘पब्लिक सेफ्टी’ आणि ‘पब्लिक ऑर्डर’ यांचे. घटनेत त्या वेळी भाषणस्वातंत्र्यावर बंधन घालण्यासाठी राज्याची सुरक्षितता, म्हणजे ‘सिक्युरिटी ऑफ स्टेट’, धोक्यात यावी लागे. या दोन गोष्टी एक नव्हेत, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांच्या आतच बंदी उठविली. संसदेने १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत ‘पब्लिक ऑर्डर’ हे दोन शब्द घटनेत घातले; सोबत ‘रीझनेबल’ हे विशेषणही घातले, हे नोंदविले पाहिजे.

पण या शब्दकुळाची खरी कसोटी १९६५ साली लागली. पाटण्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्याने डॉ. राममनोहर लोहिया यांना भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केले. नियमात शब्द होता ‘पब्लिक ऑर्डर’. आदेशात लिहिले गेले, सार्वजनिक सुरक्षितता आणि ‘लॉ अँड ऑर्डर’ राखण्यासाठी. आणीबाणी जारी होती आणि मूलभूत हक्कांसाठी दाद मागण्याचा मार्ग बहुतांशी बंद होता. सरकार पक्षाच्या मते हा केवळ शब्दभेद होता. न्यायालयाच्या बहुमताने तसे मानले नाही. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी एकात एक अशी तीन वर्तुळे कल्पिली: सर्वांत मोठे ‘लॉ अँड ऑर्डर’चे, त्याच्या पोटात ‘पब्लिक ऑर्डर’चे, आणि सर्वांत आतले राज्याच्या सुरक्षिततेचे. दोन दारुडे रस्त्यावर भांडले तर पहिल्या वर्तुळातील बाब; पण ते दोन जमातींचे असून एकाने जमातीय भावना भडकविण्याचा यत्न केला, तर दुसऱ्या वर्तुळाची चिंता करावी लागेल. मोठ्या वर्तुळाचे नाव लिहून लहान वर्तुळातील अधिकार वापरता येत नाही, आणि आदेशाचा एक आधार गैर ठरला की दुसऱ्याच्या जोरावर तो उभा राहत नाही. लोहिया सुटले. आपल्या साहेबांसाठी आदेशाचा मसुदा करणाऱ्या प्रत्येक कारकुनाने हा निकाल एकदा तरी वाचण्याजोगा आहे.

१९७५ च्या आणीबाणीनंतर चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ‘इंटर्नल डिस्टर्बन्स’ या सैल शब्दांच्या जागी ‘आर्म्ड रिबेलियन’ आणले, ते याच जाणिवेने. अशांततेचा अर्थ सत्ताधाऱ्याच्या मनावर अवलंबून असतो; सशस्त्र बंड डोळ्यांना दिसावे लागते.

मराठीपुरता एक पेच आहे, आणि तो आपलाच आहे. ‘लॉ अँड ऑर्डर’ला आपण कायदा व सुव्यवस्था म्हणतो, ‘पब्लिक ऑर्डर’ला सार्वजनिक सुव्यवस्था. वृत्तपत्रांतून तर पहिलाच प्रयोग सर्रास दोन्हींसाठी चालतो. महाराष्ट्रात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आदींना स्थानबद्ध करण्याचा १९८१ चा जो कायदा आहे, त्यात ‘पब्लिक ऑर्डर’ला बाधा ही अट आहे, त्याखालील आदेश त्या कसोटीवर उच्च न्यायालयात वारंवार तपासले जातात. स्थानबद्धाला कारणे त्याला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात १९६२ साली स्पष्ट केले. तेव्हा ही कारणे बहुधा मराठीतून जातात, आणि दोन वर्तुळांमधील सीमारेषा तेथे ‘सार्वजनिक’ या एका विशेषणावर तोललेली असते. टंकलेखनात ते गळाले, तर कागदावर जी सुव्यवस्था उरते, ती पाटण्याच्या त्या आदेशातली.