पानें गुंडाळणारी अळी

श्रावणांत भाताच्या बांधावरून जातांना कांहीं पानें उभीं दुमडून नळीसारखीं झालेलीं दिसतात व त्यांवर पांढरे पट्टे उमटलेले असतात. ऊन-वाऱ्यानें असें झालें असावें, असा प्रथम तर्क होतो. परंतु ती नळी हलकेच उलगडली असतां आंत पिवळसर हिरव्या रंगाची, तपकिरी डोक्याची एक अळी आढळते, आणि बोट लागतांच ती वळवळत मागें सरकते. हीच भातावरील पानें गुंडाळणारी अळी होय. तिच्याविषयीं चार शब्द वाचकांपुढें ठेवावे, असें आम्हांस वाटतें.

अशा पतंगांचा गोतावळा मोठा आहे. टॉर्ट्रिसिडी नांवाच्या एका कुलांतच ११,००० हून अधिक जाती आहेत. युरोपांतील ओकवृक्षाचीं पानें गुंडाळणारा हिरवा पतंग त्यांपैकींच एक. भातावरील आमची अळी क्रॅम्बिडी ह्या निराळ्या कुलांतली. विद्या मात्र तीच.

ही विद्या पाहण्याजोगी आहे. अळीच्या खालच्या ओठापाशीं रेशमासारखा धागा काढण्याची सोय असते. ती आपलें डोकें पानाच्या एका कडेकडून दुसरीकडे पुनःपुन्हा नेते व दर वेळीं धागा चिकटविते. धागे सुकतांना आंखडतात आणि कडा जवळ ओढल्या जातात. घर तयार झालें म्हणजे आंत बसून ती पानाचा हिरवा भाग खरवडून खाते; पातळ पापुद्रा तेवढा उरतो. पांढऱ्या पट्ट्यांचें कारण हेंच. एक पान संपलें कीं ती दुसरें धरते. पुढें कोष होऊन त्यांतून सोनेरी-तपकिरी रंगाचा, पंखांवर काळसर नागमोडी रेघा असलेला लहानसा पतंग बाहेर पडतो. ह्या साऱ्यास सुमारें एक महिना ते पांच आठवडे लागतात.

शेत पांढुरकें दिसूं लागलें कीं शेतकऱ्याच्या पोटांत गोळा उठतो व तो औषधाचा पंप उचलतो. येथेंच विचार केला पाहिजे. कोवळें भात नवे फुटवे व नवीं पानें काढून झालेली हानि बहुधा भरून काढतें. दाणा भरण्याचें काम मुख्यत्वें वरच्या पानांचें, विशेषतः लोंबीखालच्या शेवटच्या पानाचें असतें. म्हणून पीक पोटरीवर आल्यावर तीं पानें गेलीं तर खरें नुकसान होतें. उलट, घाईनें मारलेल्या विषानें कोळी, चतुर आणि ह्या पतंगाच्या अंड्यांत आपलीं अंडीं घालणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाशा मरतात. शत्रु मारतांना आधीं राखणदारच मारले, असें होतें.

ही केवळ कल्पना नव्हे. व्हिएतनाममध्यें मेकाँग नदीच्या मुखाकडील प्रदेशांत १९९४ सालीं शेतकऱ्यांस सांगण्यांत आलें कीं, पेरणीनंतर पहिले ४० दिवस शेताच्या एका तुकड्यांत औषध मारूं नका आणि पुढें उत्पन्न ताडून पाहा. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचें ह्यास साहाय्य होतें. रेडिओवरील छोट्या नाटुकल्यांनींही तो संदेश घरोघर नेला. उत्पन्नांत तोटा नाहीं हें शेतकऱ्यांनीं स्वतः पाहिलें, आणि जेथें हंगामांत सरासरी ३.४ फवारण्या होत, तेथें त्या १.६ वर आल्या.

मग करावें काय? युरिया बेतानें व हप्त्याहप्त्यानें द्यावा, कारण नत्र अधिक झालें कीं अळीचें फावतें. लावणी दाट करूं नये. बांधावरील गवत काढावें, कारण अळी त्यावरही जगते. दोघांनीं पिकावरून काथ्याचा दोर ओढल्यास नळ्या उलगडून अळ्या खालीं पडतात. पोटरीच्या वेळीं मात्र शेत डोळ्यांत तेल घालून पाहावें, व वरचीं पानें खरोखरच जाऊं लागलीं तरच जाणत्याच्या सल्ल्यानें औषध वापरावें.

विद्यार्थिबंधूंनो, सुट्टींत घरीं गेल्यावर वडील मंडळींस एवढेंच विचारा: पिकाचें वय काय, आणि गेलेलें पान कोणतें? जें डोळ्यांत भरतें तेंच अधिक घातक असें नाहीं, हें ह्या दोन प्रश्नांनीं कळेल. आणि कदाचित् विषाची एक फवारणीही वांचेल.