शाळेचं छप्पर आणि कर्जाचा हिशेब

मैत्रिणींनो, घर बांधलंत तेव्हा पैसा कुठून आणलात, आठवतं ना? थोडी शिल्लक, एखादी पाटली मोडलेली आणि उरलेलं बँकेचं कर्ज. पण मुलांची शाळा कोणत्या पैशातून उभी राहते, असा विचार आपण कधी करतो का?

मीही केला नव्हता. अर्धवेळ शिकवते, तरीसुद्धा! गेल्या पावसाळ्यात मुरबाडकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत गेले होते. कौलांखाली बादली ठेवलेली आणि पोरं कोरड्या कोपऱ्यात दाटीवाटीनं बसलेली. एक आई म्हणाली, "बाई, आपण घराला काढतो तसं शाळेला कर्ज नाही का काढता येत?" मला काही सांगता आलं नाही. घरी येऊन 'ह्यां'ना विचारलं, चार कागद चाळले.

शहरे असे कर्ज काढतात. त्याला कर्जरोखे म्हणतात. बँका, विमा कंपन्या अशांकडून पैसे घ्यायचे, दरवर्षी व्याज द्यायचे, मुदतीनंतर मुद्दल परत. मुंबई महापालिकेला कर्ज काढण्याची मुभा १८८८ च्या कायद्यानेच दिली आहे. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये पाणीयोजनेसाठी २०० कोटी रुपये उभे केले, दहा वर्षांसाठी, ७.५९ टक्के व्याजाने. इंदूरने २०२३ साली सौर विजेसाठी काढलेले रोखे तर तुमच्याआमच्यासारख्यांनाही घेता आले. अमेरिकेत शाळांच्या इमारती सर्रास अशाच बांधतात. बऱ्याच ठिकाणी आधी मतदान होते आणि मग घरपट्टीसारख्या करातून कर्ज फिटते.

मग आपल्याकडे का नाही? अहो, फेडायला हक्काची मिळकत नको का? पाण्याला पट्टी लावता येते. शाळेचं शिक्षण मोफत, आणि ते तसंच असायला हवं. खेड्यातल्या शाळा जिल्हा परिषदेच्या, आणि परिषदेचा बराचसा खर्च सरकारी अनुदानावर चालतो. अशाला सावकार दारात उभं करील का? मला बोचलं ते वेगळंच. तानसा आणि भातसा, दोन्ही जलाशय शहापूर तालुक्यातले. पाणी मुंबईला जातं आणि त्याची पट्टीही मुंबईलाच मिळते. म्हणजे कर्ज काढण्याची ऐपतही तिथेच!

तेव्हा आपला मार्ग अनुदानाचाच. समग्र शिक्षा योजना, जिल्हा नियोजन समिती, कधी आमदार-खासदार निधी. पण तिथे मागणी कागदावर जावी लागते. जुनी इमारत मोडकळीला आली असेल तर आधी निर्लेखनाचा प्रस्ताव, म्हणजे ती पाडण्याची मंजुरी. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडला तर बरं. हे सारं शाळा व्यवस्थापन समितीनं मागे लागून करून घ्यायचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका. शाळेची विकास योजना करणं हे त्यांचंच काम.

हे मी त्या आईला सांगितलं. ती चकितच झाली. म्हणाली, "म्हणजे मी त्यातच आहे की! सही घ्यायला घरी येतात, मी करते." ठरावात काय लिहिलंय, हे तिला कधी कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

पुढच्या सभेला ती स्वतः जाणार आहे. जोडीला मलाही बोलावलंय.