तबल्यावर कोण?

संकठा घाटावरच्या आमच्या घरात रेकॉर्ड धुवायची वेळ पहाटेची. उजाडलं की गल्लीत झाडू फिरतो, मग संकठाजीच्या देवळाकडे जाणाऱ्यांची रीघ लागते, आणि शुक्रवार असला तर विचारूच नका. धूळ उडते ती रात्रीपर्यंत बसत नाही. शिवाय मणिकर्णिका हाकेच्या अंतरावर. वारा फिरला की खिडकीच्या फळीवर बारीक करडा थर जमतो. तो कसला, हे या घरात कुणी कुणाला विचारत नाही. पुसून टाकायचा आणि चहा ठेवायचा.

हे माझं माहेर. एका अंगाला सिंधिया घाट, दुसऱ्या अंगाला गंगामहाल, त्यापलीकडे नागपूरकर भोसल्यांचा घाट. मी लग्न होऊन पुण्याला गेले त्याला तीस वर्षं झाली. माडीवरच्या ज्या खोलीत दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, ग्रामोफोन असायचा, तिथे आता भाच्याचे दोन टर्नटेबल आहेत. तो बीट बनवतो. म्हणजे काय करतो, हे मला फोनवर कधीच कळलं नव्हतं. या कार्तिकात आठ दिवस राहिले आणि त्याच्यामागे बसून पाहिलं.

दादांची एक सवय होती. रेकॉर्ड कुणाचीही असो, गाणं संपलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "तबल्यावर कोण?" लेबलावर गायिकेचं नाव, रागाचं नाव, रेकॉर्डचा नंबर, सगळं छापलेलं असे. तबलजीचं नाव बहुतेकदा नसेच. दादा मग हात ऐकून अंदाज बांधत, त्यावरून मित्रांशी भांडत, आणि भांडण मिटायच्या आत आई ताटं वाढल्याचं सांगे.

मी गेले त्याच दिवशी भाच्याचं पार्सल आलं होतं. डे ला सोल या न्यूयॉर्कच्या त्रिकुटाचा 1989 चा पहिला अल्बम, 'थ्री फीट हाय अँड रायझिंग', 2023 साली नव्यानं छापलेला. नवी कोरी वस्तू, तरी तो आधी धुवायलाच बसला. "अगं आत्या, नवीन असली तरी छापखान्यातली कसपटं आणि पुठ्ठ्याची भुकटी असतेच."

धुणं साधं, पण घाई चालत नाही. खाली मऊ टॉवेल. तबकडी दोन्ही तळव्यांत कडेनं धरायची, काळ्या भागाला बोट लावायचं नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि थेंबभर साबण. मऊ ब्रश खाचांच्या दिशेनं, गोल गोल. आडवा फिरवला की मळ खाचेत आणखी दाबला जातो. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरचा एक हात, मायक्रोफायबरचं फडकं, आणि भांड्याच्या मांडणीत ताटल्या उभ्या करतात तशी उभी करून वाळवायची. माकडांमुळे खिडकी बंद. एकदा एक कव्हर छतावर गेलं ते परत आलंच नाही.

मदत करावी म्हणून मी दादांची एक जुनी 78 ची रेकॉर्ड पुढे ओढली आणि तेच पाणी ओतायला गेले. त्यानं माझं मनगट पकडलं. "स्पिरिट नको! विरघळेल ती."

आणि मग मला आठवलं. त्या तबकड्या प्लॅस्टिकच्या नाहीतच, लाखेच्या आहेत. सुतार लाकडाला पॉलिश करतो तीच लाख स्पिरिटमध्ये कालवून. झाडाच्या फांदीवर किडे सोडतात तो चिकट स्राव, त्यात दगडाची पूड, काजळी आणि कापसाचे तंतू घालून या रेकॉर्ड दाबत. लाख साफ करून तिच्या पातळ पापड्या करण्याचा धंदा आमच्या शेजारच्या मिर्झापूरला जोरात होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात जगभरच्या रेकॉर्डना लागणारी लाख मुख्यतः आपल्याच देशातून जाई. म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्या ब्लूज गाणाऱ्याचा आवाज विंध्याच्या पायथ्याशी शुद्ध झालेल्या लाखेवर उमटला असेल, यात नवल काही नाही. दादांच्या रेकॉर्डला मग नुसतं पाणी आणि कोरडं फडकं. लेबलावर थेंबही पडू द्यायचा नाही, हे दोन्ही रेकॉर्डच्या बाबतीत सारखंच.

लाखेची ओढ अजून सुटलेली नाही. नव्या रेकॉर्डचं मूळ जिच्यावर कोरतात त्या ॲल्युमिनियमच्या तबकडीवर जो थर असतो, त्याला 'लॅकर' म्हणतात. त्यात आता लाख नसते, नाव मात्र तिचंच. ही लॅकर बनवणारे कारखाने जगात दोनच उरले होते, आणि त्यातला कॅलिफोर्नियातला एक फेब्रुवारी 2020 मध्ये जळून गेला. लॅकरवर खाच कोरली की तिच्यावर निकेल चढवतात. त्या थरातून निघालेल्या उलट्या साच्याला 'फादर' म्हणतात, त्यावरून 'मदर', तिच्यावरून छापायचा साचा. (हे ऐकून मी हसले. बारशाचं सगळं साहित्य तयार आहे.) दोन साच्यांमध्ये पीव्हीसीचा गरम गोळा, शंभर टनांच्या आसपास दाब, अर्ध्या मिनिटात तबकडी. मुंबईतही 2024 पासून पुन्हा अशा तबकड्या छापू लागल्या आहेत.

पण एकदा छापलेलं पुन्हा कशाला छापायचं? भाच्यानं खिडकी किंचित उघडून एकाच अल्बमच्या दोन तबकड्या उजेडात तिरक्या धरल्या. एक 90 च्या दशकातली जुनी प्रत, दुसरी नवी. जुनीवरच्या खाचा दाटीवाटीनं, पहिल्या वर्गात काटकसरीनं लिहिलेल्या वहीसारख्या. नवीवर ऐसपैस. 12 इंची तबकडीच्या एका बाजूला वीसेक मिनिटं नीट मावतात. सीडीचा जमाना आला आणि रॅपचे अल्बम तास-सव्वातासाचे झाले. तेच मग एका तबकडीवर कोंबायचे. खर्जाचा आवाज खाचेला जास्त डोलवतो, त्याला जागा लागते. जागा नसेल तर कोरणारा आवाजच बारीक करतो. रॅपचा जीव खर्जात, आणि नेमका तोच कापला गेला. आता तोच अल्बम दोन तबकड्यांवर पसरून निघतो. "घर तेच गं, फक्त एक खोली वाढवली," तो म्हणाला. घर बनारसी गल्लीतलं असल्यामुळे ही उपमा मला चटकन पोचली.

मग त्यानं तबकडीच्या आतल्या टोकाला, जिथे खाच संपते आणि लेबल सुरू होतं, त्या गुळगुळीत पट्टीवर बोट दाखवलं. तिथे हातानं खरडलेलं असतं: नंबर, आणि कधी कधी कोरणाऱ्या कारागिराची सही. न्यूयॉर्कच्या हर्ब पॉवर्सनं 80 च्या दशकातल्या कितीतरी तबकड्यांवर आपलं नाव आणि शेजारी हसरा चेहरा काढून ठेवला आहे. म्हणजे कव्हरवर जागा नसली तरी माणूस कुठेतरी सही करतोच.

गंमत अशी की हिप-हॉपची सुरुवात नाव पुसण्यापासूनच झाली. 11 ऑगस्ट 1973 ला ब्रॉन्क्समधल्या 1520 सेजविक अव्हेन्यू या इमारतीत डीजे कूल हर्कनं बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या, तिथून या संगीताचा इतिहास मोजतात. हर्कच्या लक्षात आलं होतं की नाचणारे गाण्यातल्या एका जागेची वाट बघत थांबतात. गाणारा गप्प होतो, बाकी वाद्यं बाजूला होतात आणि ड्रमवाला एकटा सुटतो, ती जागा. तिला 'ब्रेक' म्हणतात. ती असते दहा-पंधरा सेकंदांची. हर्कनं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवायची. आणि कुठली रेकॉर्ड ते इतरांना कळू नये म्हणून तो लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकायचा.

म्हणजे धुण्याचाच उद्योग, फक्त उलटा. नाव पुसण्याची किंमत ड्रमवाल्यांनी मोजली. जेम्स ब्राऊनच्या 1970 च्या 'फंकी ड्रमर'मध्ये क्लाइड स्टबलफील्डनं वाजवलेला तुकडा शेकडो रॅप गाण्यांत वाजला. गीतकार म्हणून नाव नसल्यानं त्याला त्याची रॉयल्टी मिळाली नाही. 2017 साली तो गेला.

डे ला सोलनं तर अशा तुकड्यांची गोधडीच शिवली होती. त्यातल्या एका तुकड्यावरून द टर्टल्स या बँडच्या मंडळींनी दावा लावला. पुढे संगीत इंटरनेटवर आलं, पण जुन्या करारांत त्याची तरतूद नव्हती. प्रत्येक तुकड्याचा धनी शोधून परवानगी घेण्यात वर्षं गेली. अखेर मार्च 2023 मध्ये अल्बम सगळीकडे आला, नवी तबकडीही निघाली. तिघांपैकी एक, डेव्ह, काही आठवड्यांपूर्वीच वारला होता.

"आपलंही घेतात की," मी म्हटलं. मला ऐकीव माहिती होती. भाच्याला साल पाठ. 2002 साली ट्रूथ हर्ट्स या गायिकेचं 'ॲडिक्टिव्ह' गाजलं, त्यात 1981 च्या 'ज्योती'मधला लताबाईंचा आवाज होता. संगीतकार बप्पी लाहिरी लॉस एंजेलिसच्या कोर्टात गेले, आणि 2003 मध्ये कोर्टानं सांगितलं, यांचं नाव घातल्याशिवाय विकायचं नाही. 2002 च्याच एरिक सर्मनच्या 'रिॲक्ट'मध्ये 1963 च्या 'ताजमहल'मधल्या कव्वालीतला बाईचा आवाज आहे. त्याचा अर्थ रॅप करणाऱ्याला माहीत नाही. ती जे म्हणते ते मला मंजूर, अशा थाटाचं त्याचं उत्तर. ती बिचारी आत्महत्येबद्दल म्हणत असते.

तिसऱ्या दिवशी दादांच्या रेकॉर्डची पाळी आली. 78 ला वेगळी सुई लागते. तिची खाच एलपीच्या खाचेपेक्षा खूपच रुंद. एलपीची सुई त्यात तळाला जाऊन गाळ उकरत बसते. त्यानं सुई बदलली, वजन जोखलं, जुन्या फरशीच्या उतारापायी टर्नटेबलच्या एका पायाखाली दुमडलेला पुठ्ठा सारला. लाइट गेली. आली. मग सुई टेकली.

बनारसी ठुमरी, 1930 च्या दशकातली, तीन मिनिटांची. खरखर आधी, आवाज नंतर. गायिका बोल आळवते, मुखड्यावर परतते, आणि शेवटाकडे येताच तबला एकदम दुगुणीत केहरव्यावर उडी घेतो. लग्गी. गाणारी मुखडा धरून नुसती उभी राहते आणि तबलजी मोकळा सुटतो. बारा सेकंद असतील. मग तिहाई, सम, संपलं.

मी भाच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता. ब्रेक म्हणजे काय, हे मला तीन दिवस समजावून सांगत होता. दादांच्या बैठकीत सगळे लग्गीसाठीच मान वर करून बसलेले असत, हे मी लहानपणापासून बघत आले होते.

दादांकडे एकच प्रत, त्यामुळे हर्कसारखं करता येईना. ते बारा सेकंद त्यानं सॅम्पलरमध्ये घेतले आणि तुकडे केले. डग्ग्याची एक घुमक एका बटणावर, किनारीचा एक टणका दुसऱ्यावर. वेग निम्म्यावर आणला. मी बोटांच्या पेरांवर मोजत होते: चार-चारचे चार, सोळा. सम बरोबर पडत होती. एका जागी त्यानं खरखर काढून टाकली तर मीच म्हणाले, राहू दे.

त्याच्याकडे एक लांबट वही आहे, किराणा दुकानात खतावणीला वापरतात तशी. रकाने: रेकॉर्ड, नंबर, बाजू, कितव्या सेकंदाला, कोण गातं, कोण वाजवतं. दादांच्या रेकॉर्डपुढे शेवटचा रकाना कोरा. मुंबईत 1990 साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'च्या 'द रेकॉर्ड न्यूज'चे अंक त्यानं चाळले होते. गायिकेबद्दल थोडं मिळालं, तबलजीबद्दल काही नाही.

"कायद्यानं कुणाला विचारायची गरज नाही," तो म्हणाला. "ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांत संपतो." आणि तरी त्यानं तो बीट कुठे टाकलेला नाही.

मी त्याला गौहर जानची गोष्ट सांगितली. बालपण बनारसला काढून कलकत्त्याला गेलेली. नोव्हेंबर 1902 मध्ये तिनं तिथे रेकॉर्ड भरल्या तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या माणसाला लेबल लावता यावं म्हणून गाणं संपताच ती इंग्रजीत आपलं नाव पुकारायची. भाचा खूश झाला. आमचे रॅपवालेही गाण्यात नाव सांगतातच, म्हणाला, अमरावतीचा 100 आरबीएच घे, मुंबईचे स्वदेशीवाले घे.

मग गप्प झाला आणि दादांची रेकॉर्ड पुन्हा लावली. गाणं संपलं. त्यानं सुई उचलली नाही. आवाज वाढवत नेला, खरखर खोलीभर झाली. शेवटच्या खाचेत, सगळे उठायच्या आत, कुणी कुणाला नावानं हाक मारली असेल तर.

खाली देवळात घंटा झाली. तो म्हणाला, "थांब आत्या, पुन्हा लावतो. ही बाहेरची होती."