सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी हिशेब मांडा
लघु व मध्यम उद्योगांपुढील निवडीचा प्रश्न

राळेगणसिद्धी (जि. अहिल्यानगर) : पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे नाव घेतले की पाणलोट विकास, ग्रामसभा आणि माहितीचा अधिकार या गोष्टी डोळ्यांसमोर येतात. १९७५ मध्ये अण्णा हजारे गावी परतले आणि त्यानंतर येथे जी कामे उभी राहिली, त्यांत बंधारे आणि झाडे जशी होती, तशी धान्य बँकही होती. धान्य बँक चालवायची तर कोणी किती पोती ठेवली, कोणी किती नेली आणि कोणाकडून किती यायची, हे वहीत चोख असावेच लागते. आज ज्याला उद्योजक 'बिझनेस मॅनेजमेंट सॉफ्टवेअर' किंवा 'ईआरपी' म्हणतात, त्याचे मूळ काम याहून फार वेगळे नाही. आलेला माल, गेलेला माल, येणे, देणे आणि हे सारे एकाच ठिकाणी, एकमेकांशी जुळणारे.

याच तालुक्यात नगर-पुणे महामार्गालगत सुपा औद्योगिक वसाहत आहे. तेथे आणि नगरच्या नागापूर वसाहतीत मोठ्या कारखान्यांना सुटे भाग, पॅकिंगचे साहित्य किंवा पत्र्याचे जोडकाम पुरवणारी लहान वर्कशॉप आहेत. त्यांतील मालकांपुढे आता सॉफ्टवेअर घ्यावे की नाही, हा प्रश्न फारसा उरलेला नाही. कोणते घ्यावे आणि त्यासाठी किती किंमत मोजावी, हा प्रश्न मात्र अवघड झाला आहे. चुकीची निवड म्हणजे केवळ वाया गेलेला परवाना नव्हे. माल तयार असूनही बिल निघत नाही, बिल निघाले तरी ते ग्राहकाच्या नोंदीशी जुळत नाही आणि पैसे अडकतात. दोन महिन्यांचे पैसे अडकले तर लहान वर्कशॉपला पगार करणे कठीण होते.

कायद्याने आणलेली घाई

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि हिशेबाची वही महिनाअखेरीस सल्लागाराकडे नेऊन देण्याची पद्धत मोडीत निघाली. त्यानंतर ई-इन्व्हॉइस आले. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटी रुपयांवरील उलाढालीच्या कंपन्यांपासून सुरू झालेली ही सक्ती पायरीपायरीने खाली उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांवरील उलाढालीपर्यंत पोहोचली. ज्यांची उलाढाल १० कोटींवर आहे, त्यांना १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत ते सरकारी पोर्टलवर नोंदवावे लागते. ही नोंद नसलेले बिल ग्राहकाच्या दृष्टीने कराच्या परताव्यापुरते निरुपयोगी ठरते. साहजिकच मोठा ग्राहक ते स्वीकारत नाही.

दुसरा नियम कंपनी कायद्याखालचा आहे. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक नोंदणीकृत कंपनीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर असे असले पाहिजे की, केलेला प्रत्येक बदल, तो कधी झाला या तारखेसह, त्यात नोंदला जाईल आणि ही सोय कोणालाही बंद करता येणार नाही. लेखापरीक्षकाला त्याबद्दल आपल्या अहवालात लिहावे लागते. मालकीचा व्यवसाय किंवा भागीदारी संस्थेला हा नियम लागू नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी कितीही लहान असली तरी लागू आहे. अनेक जुनी, स्थानिक प्रोग्रॅमरकडून करून घेतलेली सॉफ्टवेअर या एका नियमापुढे बाद ठरली.

तिसरी गोष्ट लघुउद्योजकाच्या हिताची आहे. प्राप्तिकर कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने सूक्ष्म व लघुउद्योगांची देणी ठरलेल्या मुदतीत, म्हणजे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत, न चुकवणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. परंतु आपला माल ग्राहकाने कोणत्या तारखेला स्वीकारला, हेच ज्याला सांगता येत नाही, त्याने या तरतुदीचा आधार घ्यायचा कसा?

आधी काम, मग सॉफ्टवेअर

बाजारात माहितीपत्रके घेऊन येणारे विक्रेते सुविधांची लांबलचक यादी वाचून दाखवतात. मात्र खरेदीदाराने पाहायची ती यादी वेगळीच असते: आपल्या धंद्यात पैसा नेमका कोठे गळतो.

सुपा किंवा नागापूर येथील वर्कशॉपचे उदाहरण घेऊ. समजा, एक हजार ब्रॅकेट प्लेटिंगसाठी बाहेर पाठवले. त्यांतील ९४० चांगले परत आले, २० नापास झाले आणि ४० अजून प्लेटिंगवाल्याकडेच आहेत. हा व्यवहार विक्रीचा नाही आणि खरेदीचाही नाही. तो जॉबवर्कचा आहे, चलनावर चालतो. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एक वर्षाच्या आत परत आला नाही तर तो पाठवल्याच्या दिवशीच विकला गेला असे कर कायदा मानतो. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये ते ४० नग कोणाकडे, कोणत्या चलनावर आणि किती दिवसांपासून पडून आहेत, हे एका पडद्यावर दिसले पाहिजे. पुष्कळ नावाजलेली हिशेबाची सॉफ्टवेअर खरेदी-विक्री उत्तम सांभाळतात आणि येथे अडखळतात. मग स्टोअरमधला माणूस चलनाची वेगळी वही ठेवतो आणि संगणकातला साठा व रॅकवरचा साठा यांची फारकत सुरू होते.

दूध संकलनाचा धंदा घेतला तर गरज पुन्हा निराळी. तेथे दर ठरतो तो फॅट आणि एसएनएफवर, सकाळ-संध्याकाळ नोंद होते आणि दर दहा दिवसांनी उत्पादकाचा दुधाचा पगार काढावा लागतो. त्यातून पशुखाद्याची उचल वजा होते. कारखान्यासाठी बनवलेली भारीतली ईआरपी येथे शोभेचीच ठरेल. फॅट मोजणाऱ्या यंत्राशी आणि वजनकाट्याशी थेट जोडले जाणारे साधे सॉफ्टवेअर अधिक कामाचे. नगर जिल्ह्यात दूध हा केवढा मोठा व्यवसाय आहे, हे वेगळे सांगायला नको.

म्हणूनच विक्रेत्याला बोलावण्यापूर्वी एका ऑर्डरचा प्रवास कागदावर लिहून काढणे हितावह. चौकशी कोणी घेतली, दर कोणी ठरवला, माल कोणी मागवला, गेटपास कोणी काढला, बिल कोणी केले, पैसे आले की नाही हे कोण पाहतो? या कागदावर जेथे दोन माणसे एकच आकडा दोनदा लिहितात, तेथे सॉफ्टवेअरचा उपयोग आहे. जेथे कोणीच काही लिहीत नाही, तेथे आधी शिस्त लावावी लागेल. ती सॉफ्टवेअरसोबत विकत मिळत नाही.

वारणेचा अनुभव

या बाबतीत महाराष्ट्रातलाच एक अनुभव बोलका आहे. कोल्हापूर-सांगली भागातील वारणानगर येथे १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. वारणा सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे बसवण्यात आली. शेतीविषयक माहिती, बाजारभाव, शिक्षण अशा अनेक सेवा त्यांतून मिळाव्यात, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात केंद्रांचा वापर मुख्यतः उसाच्या नोंदी, वजन आणि शेतकऱ्यांच्या खात्याची माहिती यांपुरताच राहिला. पुढे संशोधकांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणकाऐवजी मोबाइलवरून एसएमएसने तीच कामे होतात का, हे त्यांनी पाहिले. संगणकावर होणारी सर्व कामे एसएमएसवर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही ती पद्धत अधिक सोयीची वाटली.

वारणेचे संगणक वाईट नव्हते. लोकांना त्यांच्याकडून नेमके काय हवे होते, हे मात्र ते बसवल्यानंतर कळले. लहान कंपनीला हे अगोदर कळणे परवडते, नंतर कळणे परवडत नाही.

मोठ्यांनाही हे चुकलेले नाही. अमेरिकेतील हर्शे या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये नवी प्रणाली ऐन हंगामाच्या तोंडावर सुरू केली. गोदामात माल होता, पण ऑर्डर नोंदवून तो दुकानांपर्यंत पोहोचवता आला नाही आणि हॅलोवीनच्या सणात दहा कोटी डॉलरहून अधिक मालाच्या ऑर्डर पुऱ्या करता आल्या नाहीत. हर्शे सावरली, कारण ती हर्शे होती.

पर्याय कोणते?

ढोबळमानाने तीन वाटा आहेत. पहिली, हिशेबाचे सॉफ्टवेअर घ्यायचे आणि साठा त्यातच जमेल तितका सांभाळायचा. टॅली, बिझी, मार्ग ही नावे या वाटेवरची. १९८६ मध्ये बंगळुरू येथे सुरू झालेल्या टॅलीचा सर्वांत मोठा गुण सॉफ्टवेअरच्या बाहेर आहे: तालुक्याच्या गावीही टॅली येणारा मुलगा किंवा मुलगी मिळते आणि सनदी लेखापालालाही ती समजते. दुसरी वाट इंटरनेटवरून, मासिक वा वार्षिक वर्गणीने वापरायच्या सेवांची. झोहो बुक्स हे त्यातले परिचित नाव. तिसरी वाट संपूर्ण ईआरपीची. त्यात सॅप बिझनेस वन आहे, बेल्जियममधून आलेले ओडू आहे आणि मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीचे ईआरपीनेक्स्टही आहे.

ईआरपीनेक्स्टची जन्मकथा येथे सांगण्याजोगी आहे. कंपनीचे संस्थापक रुषभ मेहता हे कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायात होते. तेथे ईआरपी बसवण्याचा प्रयत्न फसल्यावर त्यांनी स्वतःच सॉफ्टवेअर लिहायला घेतले. टॅलीचे मूळही असेच. श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या व्यवसायासाठी मनाजोगे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलगा भारत याने ते तयार केले. ईआरपीनेक्स्ट मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा मूळ संकेत कोणालाही पाहता, वापरता व बदलता येतो आणि परवान्याचे शुल्क लागत नाही. मात्र 'फुकट' हा शब्द येथे फसवा आहे. बसवणे, शिकवणे, जुनी माहिती भरणे, बदल करून घेणे आणि सर्व्हर सांभाळणे यांचा खर्च उरतोच. जाणकार माणूस नसेल तर तो बराच होतो.

वर्गणीच्या सेवांत दर प्रत्येक वापरकर्त्यामागे असतो, याकडेही सुरुवातीला दुर्लक्ष होते. महिना हजार रुपये ही रक्कम किरकोळ वाटते. पंधरा जण वापरणार असतील तर ती वर्षाला १ लाख ८० हजार होते आणि पाच वर्षांत ९ लाख. मग पैसे वाचवण्यासाठी एकाच नावाने चौघे काम करू लागतात आणि कोणती नोंद कोणी केली, हे शोधण्याची सोय संपते. ज्या कारणासाठी सॉफ्टवेअर घेतले, तेच त्यातून निघून जाते.

गावाच्या विकास सोसायट्यांना हा निवडीचा त्रास नाही, असे म्हणता येईल. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना केंद्राने जून २०२२ मध्ये मंजूर केली. आरंभी ६३ हजार संस्थांसाठी नाबार्डमार्फत एकच सामाईक सॉफ्टवेअर देण्याचे ठरले. निवड वरून झाली. तथापि वर्षानुवर्षांच्या वह्यांतील सभासदांची खाती त्यात बिनचूक भरण्याचे काम गटसचिवालाच करावे लागते. खासगी कंपनीतही सर्वाधिक वेळ येथेच जातो.

माहिती कोणाच्या ताब्यात?

निवडीतील सर्वांत दुर्लक्षित, पण सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बाहेर पडण्याचा आहे. इंट्यूट या अमेरिकी कंपनीने आपली क्विकबुक्स ही सेवा भारतातून बंद करण्याचे २०२२ मध्ये जाहीर केले आणि २०२३ मध्ये ती बंद झाली. सेवा नामांकित होती, कंपनी भक्कम होती. तरीही येथील ग्राहकांना आपली माहिती उतरवून घेऊन दुसरे घर शोधावे लागले. कंपन्यांना हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपून ठेवावी लागतात आणि संगणकावरील हिशेबाची प्रत दररोज भारतातील सर्व्हरवर घ्यावी लागते. सेवा देणारा गेला म्हणून ही जबाबदारी जात नाही.

तेव्हा करारात दोन वाक्ये हवीत: माहिती कंपनीच्या मालकीची आहे आणि मागताच ती सर्वसामान्य स्वरूपात, सर्व तक्त्यांसह मिळेल. 'पीडीएफ देऊ' या उत्तराने समाधान मानू नये. पीडीएफ वाचता येते, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरता येत नाही. स्थानिक प्रोग्रॅमरकडून काम करून घेतले असल्यास पासवर्ड आणि मूळ संकेताची प्रत कोणाकडे आहे, हे आजच पाहावे. तो प्रोग्रॅमर नोकरीसाठी पुण्याला गेला, की हा प्रश्न विचारायला उशीर झालेला असतो.

मराठीचा मुद्दाही याच सदरात येतो. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्री-लिपीसारख्या फाँटमध्ये भरलेली ग्राहकांची व मालाची नावे नव्या प्रणालीत नेली की अक्षरांचा नुसता काला होतो. ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावी लागतात. नव्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी लिहिता येते का, शोधता येते का आणि छापता येते का, ही तीन वेगवेगळी कामे आहेत. स्टोअरकीपरला इंग्रजी पडदा कळत नसेल तर तो चिठ्ठीवर लिहील आणि ती चिठ्ठी संध्याकाळी कोणीतरी संगणकात भरेल. कधी भरणारही नाही.

प्रात्यक्षिक आपल्याच आकड्यांवर

विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात सारे सुरळीत चालते, कारण त्यातील कंपनी काल्पनिक असते. आपल्याच गेल्या महिन्यातील बिले, चलने, परत आलेला माल आणि अर्धवट मिळालेली रक्कम भरून दाखवण्यास सांगावे. बिलाची दुरुस्ती करून बदलाची नोंद कोठे दिसते, ते पाहावे. इंटरनेट तासभर बंद ठेवून गेटवरचा ट्रक थांबतो की जातो, हेही पाहावे. वसाहतीत वीज जाते तेव्हा हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. त्याच विक्रेत्याचे आपल्याच व्यवसायातील दोन जुने ग्राहक गाठावेत आणि मालकापेक्षा तेथील लेखनिकाशी अधिक बोलावे.

सुरुवात शक्यतो १ एप्रिलला किंवा तिमाहीच्या आरंभी करावी. त्याआधी गोदामातील माल प्रत्यक्ष मोजावा. जुन्या वहीतला चुकीचा साठा नव्या संगणकात भरला तर तो चुकीचाच राहतो, फक्त छापील दिसतो. पहिले एक-दोन महिने जुनी आणि नवी पद्धत सोबत चालवावी. कामगारांची कुरकुर होईल, दुप्पट काम पडेल. दोन्हीकडचा साठा, येणे आणि कराची रक्कम सलग दोन महिनाअखेरींना जुळल्याखेरीज जुनी वही बंद करू नये आणि विक्रेत्याचा शेवटचा हप्ताही तोपर्यंत राखून ठेवावा.