पडलेली आजी, कागदावर उभी

‘तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा : मोजा, निळा, पलंग.’ अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये आजी-आजोबांची स्मृती तपासायला सुरुवात होते ती अशी. मग साल, महिना, वार विचारतात आणि शेवटी पुन्हा तेच तीन शब्द. १५ पैकी १३ किंवा जास्त गुण म्हणजे स्मृती शाबूत, ७ किंवा कमी म्हणजे फारच ढासळलेली. पण आजींचं श्रवणयंत्र खणातच राहिलं असेल तर? शब्द मुळात कानावर पडलेलेच नसतात. कागदावर मात्र ‘आठवत नाही’ अशी नोंद होते.

‘मिनिमम डेटा सेट’ नावाच्या लांबलचक तक्त्याचा हा एक भाग. सरकारी पैसा घेणाऱ्या नर्सिंग होमना १९८७च्या कायद्याने अशी तपासणी सक्तीची केली. दाखल झाल्यापासून १४ दिवसांत पहिली पूर्ण तपासणी आणि पुढे निदान दर तीन महिन्यांनी आढावा. चालणं, जेवण, लघवीवरचा ताबा, पाठीवरच्या जखमा सगळं त्यात येतं. २०१०च्या सुधारित तक्त्याने दुखणं आणि उदासी यांबद्दल थेट त्या माणसालाच विचारायला लावलं. मला ही सर्वांत मोलाची सुधारणा वाटते.

पण तक्ता भरतं ते नर्सिंग होमच, आणि त्याचे पैसे आणि दर्जाचे सरकारी ‘तारे’ काही अंशी त्यावरच ठरतात. शिकागो विद्यापीठाच्या प्राची संघवी आणि सहकाऱ्यांनी पडून गंभीर दुखापत झालेल्यांची हॉस्पिटलची बिलं या तक्त्यांशी ताडून पाहिली. जेमतेम ५७.५ टक्के घटनांची नोंद सापडली. बाकीच्यांची हाडं मोडली, उपचार झाले, सरकारने बिलंही भरली. तक्त्यात मात्र कुणी पडलंच नव्हतं! मनोविकारावरच्या जड औषधांचंही तसंच. ही औषधं किती जणांना दिली जातात, याच्या सरकारी मोजणीतून स्किझोफ्रेनियाचे रुग्ण वगळले जातात, म्हणून पुरेसा आधार नसताना हे निदान चिकटवण्याचे प्रकार झाले. २०२३मध्ये सरकारला त्याची खास तपासणी जाहीर करावी लागली.

दुभाषी हवा का, हाही प्रश्न तक्त्यात आहे. तुमचे आईवडील तिथल्या अशा एखाद्या ठिकाणी असतील, तर देखभालीचा आराखडा ठरवण्याच्या बैठकीला बसण्याचा हक्क त्यांना आहे आणि त्यांच्या वतीने तुम्हालाही. जरूर बसा. काय लिहिलंय ते वाचून घ्या आणि सांगा : आईला श्रवणयंत्र लावा, चष्मा द्या आणि मराठीतून विचारा.