डहाणू-तलासरीतील संततिनियमन : साधनांचा काळ आणि श्रमाचा काळ

संततिनियमनाच्या प्रसारातील अडथळे म्हणून अज्ञान व रूढी ही दोनच कारणे सामान्यतः सांगितली जातात. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, तेव्हा त्यांचा झगडा मुख्यतः यांच्याशीच होता. त्याच मुंबईच्या उत्तरेस असलेल्या डहाणू व तलासरी तालुक्यांत मात्र एका तिसऱ्या कारणाचा विचार अपरिहार्य ठरतो. साधनांचा काळ व श्रमाचा काळ यांचा तेथे मेळ बसत नाही.

२०१४ साली ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यातील हे तालुके आदिवासीबहुल असून त्यांत वारली समाज मोठा आहे. रेल्वे किनाऱ्यालगत धावते. पूर्वेकडील वस्ती विखुरलेल्या पाड्यांची आहे. आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र व ३ हजारांमागे एक उपकेंद्र असा शासकीय निकष आहे. तो माणसे मोजतो. त्यांना चालावे लागणारे अंतर मोजत नाही.

तात्पुरत्या साधनांना पुनःपुन्हा संपर्क लागतो. गोळ्यांचा पुरवठा खंडित होऊन चालत नाही. शासकीय कार्यक्रमात २०१७ साली आलेले ‘अंतरा’ हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. भातकापणी आटोपली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. एवढ्या काळात इंजेक्शनच्या किमान दोन मात्रांची वेळ येऊन जाते. आशा कार्यकर्तीकडून साधने घरपोच मिळतात खरी. परंतु त्यासाठी घरी कोणी असावे लागते.

शस्त्रक्रिया एकदाच करावी लागते. म्हणून विरळ आरोग्यसेवेला ती सोयीची वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात प्रजननवयातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झाली होती. पुरुष-शस्त्रक्रियेचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते. परंतु जिला मूल हवे आहे, मात्र दोन बाळंतपणांत अंतर राखायचे आहे, अशा तरुण मातेला शस्त्रक्रिया हे उत्तर नव्हे. तिच्यापुढे नको असलेले गर्भारपण किंवा कायमचा निर्णय एवढेच पर्याय उरतात.

म्हणून स्थलांतरापूर्वी सल्ला देणे, मात्रांची नोंद स्त्रीच्याच हाती ठेवणे, भट्टीच्या गावी पुढील मात्रा मिळवून देणे आणि इच्छा असल्यास दीर्घकाळ टिकणारी तांबी प्रशिक्षित हातांनी बसविणे, हे उपाय प्रबोधनाइतकेच महत्त्वाचे आहेत. नकार व अनुपलब्धता यांची नोंद एकाच रकान्यात झाली, तर सेवेतील उणीव लोकांच्या माथी मारली जाते. अभ्यासकाने प्रथम हा भेद करावयास हवा.