मूत्रमार्गातील पडदा

मूत्रपिंड निकामी होत आहे असे कळले, की दोष मूत्रपिंडातच असावा असा सर्वसामान्य समज होतो. काही मुलग्यांच्या बाबतीत मात्र मूळ दोष खालच्या वाटेवर असतो. मूत्राशयाच्या तोंडाखाली, मूत्रमार्गात, गर्भावस्थेतच एक पातळ पडदा निर्माण होतो. वैद्यक त्यास झडप म्हणते. अमेरिकेतील शल्यविशारद ह्यू यंग यांनी १९१९ साली या झडपांचे प्रकार वर्णन केले. सुमारे पाच ते आठ हजार मुलग्यांमागे एकास हा विकार असतो.

पाटात बांध पडला की पाणी मागे फुगत जाते. येथेही तेच घडते. मूत्राशयाची भिंत जाड होते, मूत्रवाहिन्या फुगतात आणि वाढीस लागलेल्या मूत्रपिंडांवर दाब येतो. गर्भाभोवतीचे पाणी उत्तरार्धात मुख्यतः गर्भाच्या मूत्राचेच असल्यामुळे तेही घटते. ते फारच घटल्यास फुफ्फुसांची वाढ खुंटते.

पाचव्या महिन्याच्या सुमारास होणाऱ्या सोनोग्राफीत फुगलेली मूत्रपिंडे बहुधा दिसू शकतात. १९९४ च्या कायद्याने गर्भाचे लिंग सांगण्यास मनाई आहे, दोष सांगण्यास नाही. तेव्हा लिंगाचा उच्चार न करताही, बाळंतपण सुसज्ज रुग्णालयात व्हावे असा सल्ला देता येतो.

परंतु प्रत्येक दोष गर्भातच उमगतो असे नाही. दुपटे भिजले म्हणजे सारे ठीक, हा समज घातक ठरतो. लघवी थेंबथेंब होणे, धार क्षीण असणे, मूल कुंथणे, वारंवार ताप येणे, वजन न वाढणे, ही लक्षणे दिसताच डॉक्टरांना दाखवावे. मूत्राशयात द्रव्य भरून, मूल लघवी करीत असताना घेतलेल्या क्ष-किरण चित्रात अडथळा दिसतो.

प्रथम नळीने मूत्र मोकळे करतात, जंतुसंसर्ग आवरतात व रक्तातील क्षारांचे प्रमाण सुधारतात. मग मूत्रमार्गातून बारीक दुर्बीण घालून पडदा छेदतात. पोटावर चिरा द्यावा लागत नाही.

येथेच अनेक कुटुंबे निश्चिंत होतात आणि तपासणीस जाणे सोडतात. पडदा गेला तरी जन्मापूर्वी झालेली हानी भरून निघत नाही. ताठर झालेले मूत्राशयही पुढे दाब देतच राहते. काही मुलांची मूत्रपिंडे पौगंडावस्थेत वा त्यानंतरही निकामी होतात आणि डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ येते. म्हणून रक्तदाब, रक्तातील क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने आणि मुलाची वाढ यांची तपासणी तो मोठा होईपर्यंत व त्यापुढेही चालू ठेवावी लागते. शस्त्रक्रियेने वाट मोकळी होते. उरलेले मूत्रपिंड जपण्याचे काम त्या दिवसापासून सुरू होते.